‘ओएफडब्ल्यू’ला ‘अनिवासी’ म्हणू नका

प्रश्न आला आहे तो थोडक्यात असा: ‘परदेशी नोकरी करणाऱ्या फिलिपिनोंच्या ब्लॉगांवर आणि त्यांच्या आपसातल्या वादांवर एक लेख मराठीत करते आहे. ओएफडब्ल्यू, बालिकबायान, काबायान, बागोंग बायानी हे शब्द ओळीओळीला येतात. पहिल्यासाठी मी “स्थलांतरित मजूर” लिहिलं, संपादकांनी त्याचं “अनिवासी फिलिपिनो” केलं. बरोबर कोण? बालिकबायानला “चाकरमानी” चालेल का? आणि बागोंग बायानी म्हणजे “नवे हुतात्मे” की “नवे वीर”?’

पहिल्या शब्दापुरते तुम्ही दोघेही चुकलात, असं माझं मत. ओएफडब्ल्यू हे ‘ओव्हरसीज फिलिपिनो वर्कर’चं, म्हणजे परदेशात काम करणाऱ्या फिलिपिनोचं, लघुरूप असलं तरी तिकडे ते आता सरळ नामासारखंच चालतं. ‘माझी आई ओएफडब्ल्यू आहे’ असं शाळकरी पोर सहज सांगतं. आपल्या ‘अनिवासी भारतीय’ या शब्दाचा जन्म कायद्यातला. आयकर खातं माणूस वर्षातले किती दिवस देशात राहिला ते मोजतं आणि त्यावरून त्याला निवासी किंवा अनिवासी ठरवतं. तो परदेशात काय करतो, याच्याशी त्या शब्दाला फारसं देणंघेणं नाही. ओएफडब्ल्यूचं नेमकं उलटं. तिथे सगळा भार कामावर आहे. फिलिपिन्सच्या १९९५च्या स्थलांतरित कामगार कायद्याची व्याख्या २०१० साली दुरुस्त झाली, ती साधारण अशी: ज्या देशाचा आपण नागरिक नाही तिथे मोबदल्याचं काम करायला निघालेला, करत असलेला किंवा करून आलेला माणूस. म्हणजे तिन्ही काळ आले. मनिलाच्या विमानतळावर कागद हातात घेऊन रांगेत उभी असलेली बाईही ओएफडब्ल्यू आणि नोकरी संपवून गावी परतलेलीही. परक्या समुद्रातल्या जहाजावरचा खलाशीही त्यात धरला आहे. त्याचा ‘निवास’ शोधायला गेलात तर बंकच सापडेल. बोलण्यात मात्र अमेरिकेत कायमचं बिऱ्हाड केलेल्या फिलिपिनोला सहसा कुणी ओएफडब्ल्यू म्हणत नाही. आपल्याकडे ‘अनिवासी’ म्हटल्यावर ज्याचा चेहरा समोर येतो, तो नेमका हाच.

‘स्थलांतरित मजूर’ शब्दकोशाच्या हिशेबाने फारसं चुकीचं नाही, पण २०२०च्या टाळेबंदीनंतर त्या शब्दाला आपल्याकडे एक ठरावीक चित्र चिकटलं आहे: डोक्यावर बोचकं, हमरस्त्यावरून पायी निघालेलं कुटुंब. ओएफडब्ल्यूमध्ये रियाधची नर्स येते, दुबईचा हिशेबनीस येतो, हाँगकाँगची घरकामवाली येते, तेलवाहू जहाजाचा इंजिनियर येतो. ‘मजूर’ म्हटलंत की यातले निम्मे बाहेर पडतात. पहिल्यांदा ‘परदेशी कामावर गेलेले फिलिपिनो, म्हणजेच ओएफडब्ल्यू’ असं लिहा आणि पुढे बेलाशक ओएफडब्ल्यू वापरा. वाचक दुसऱ्या परिच्छेदात रुळतो.

या शब्दालाही पूर्वज आहे. आधी ओसीडब्ल्यू होतं: ‘ओव्हरसीज कॉन्ट्रॅक्ट वर्कर’. कंत्राट गेलं, त्या जागी राष्ट्रीयत्व आलं. मार्च १९९५मध्ये सिंगापूरमध्ये फ्लोर कोंतेम्प्लासियोन या घरकाम करणाऱ्या बाईला फाशी झाली, फिलिपिन्स पेटून उठलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये वर सांगितलेला कायदा आला. त्यात ‘ओव्हरसीज फिलिपिनो वर्कर’ हे नाव पक्कं झालं. माणसाला त्याच्या करारावरून न ओळखता देशावरून ओळखायचं, हा बदल मला साधा वाटत नाही. आपल्याकडे ‘मोलकरीण’ मागे पडून २००८च्या कल्याण मंडळाच्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ आले, त्याच जातीचा हा बदल. आणि मोलकरीण जशी कायद्यातून गेली तरी बोलण्यातून गेली नाही, तसंच तिकडेही ‘डीएच’ म्हणजे ‘डोमेस्टिक हेल्पर’ अजून चालू आहे.

आता ब्लॉगांच्या काळाकडे येऊ, कारण तुमचा मजकूर तिथलाच. २००७ साली मनिलातल्या एका स्तंभलेखिकेने प्रवासवर्णन लिहिलं आणि त्यात दुबईमार्गे विमानात भेटलेल्या ओएफडब्ल्यूंच्या स्वस्त अत्तराच्या वासाची टर उडवली. आखातातले, हाँगकाँगचे, सिंगापूरचे ब्लॉगर तिच्यावर असे तुटून पडले की शेवटी तिला स्तंभ सोडावे लागले. भाषेच्या अंगाने यातली गंमत अशी की तिच्या लेखात ओएफडब्ल्यू हे एका वर्गाचं नाव होतं आणि उत्तर देणाऱ्यांनी तेच बिरुदासारखं मिरवलं. मात्र सगळ्यांनाच ते बिरुद हवं होतं असं नाही. २००८मध्ये परदेशस्थ फिलिपिनो ब्लॉगरांसाठी पुरस्कार सुरू झाले, त्यांचं नाव ‘पिनॉय एक्सपॅट्स/ओएफडब्ल्यू ब्लॉग अवॉर्ड्स’ (पिनॉय म्हणजे फिलिपिनो, एक्सपॅट म्हणजे परदेशात राहणारा). मधली ती तिरकी रेघ पाहा. ज्याला ओएफडब्ल्यू म्हणवून घ्यायचं नाही त्याने डावीकडे बसावं, बाकीच्यांनी उजवीकडे. तुमच्या मजकुरात कुणी स्वतःला ‘एक्सपॅट’ म्हणत असेल तर तिथे ओएफडब्ल्यू घालून सपाटीकरण करू नका. तो भेद त्याने मुद्दाम केलेला असतो.

बागोंग बायानी. ‘बागो’ म्हणजे नवा, शेवटचा ‘ङ’ (इथे ‘ंग’ असा लिहिलेला) जोडणीचा. ‘बायानी’ म्हणजे वीर. ‘बायान’ (गाव, देश, जनता) या शब्दापासून बायानी आला असेल असं वाटतं, आणि तिथले पुष्कळ लोक तसं मानतातही. पण अभ्यासक त्याचं नातं मलय भाषेतल्या ‘बरानी’शी, म्हणजे शूर याच्याशी लावतात. दोन शब्द जुळ्यांसारखे दिसतात म्हणून सख्खे असतीलच असं नाही. ही पदवी गाजली ती १९८८मध्ये. राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो हाँगकाँगला गेल्या असताना घरकाम करणाऱ्या बायकांना म्हणाल्या: ‘कायो पो आङ मङा बागोंग बायानी.’ तुम्हीच नवे वीर आहात. त्या वाक्यातला ‘पो’ सोडू नका. हा आदराचा निपात. वडीलधाऱ्यांशी, साहेबांशी, अनोळखी माणसाशी बोलताना वाक्यात पेरतात. राष्ट्राध्यक्षाने तो धुणीभांडी करणाऱ्या बायकांसमोर वापरला. मराठीत निदान ‘आपणच नवे वीर आहात’ असं तरी करावंच लागेल. ‘तुम्ही’ने तो ‘पो’ सांडतो.

‘हुतात्मे’ मात्र नको. तुम्हाला ते का सुचलं असेल ते कळतं. होसे रिझाल हा त्यांचा सर्वांत थोर बायानी, त्याला १८९६मध्ये मनिलात गोळ्या घातल्या, आणि क्रांतिकारक आंद्रेस बोनिफासियोचाही शेवट पुढच्याच वर्षी मृत्युदंडाने झाला. त्यामुळे बायानीला मरणाची छाया आहे खरी. पण आकिनोबाईंना ती अभिप्रेत नव्हती. त्यांना त्याग आणि घरी येणारा पैसा म्हणायचा होता. जाता जाता: हा रिझाल १८९१-९२मध्ये हाँगकाँगला डोळ्यांचा दवाखाना चालवत होता, आणि त्याआधी स्पेनमधून निघणाऱ्या ‘ला सॉलिदारिदाद’ या परदेशस्थ फिलिपिनोंच्या पत्रात टोपणनावाने लिहीत होता. परदेशात बसून टोपणनावाने मायदेशाशी भांडायची परंपरा ब्लॉगांपेक्षा बरीच जुनी आहे.

ही पदवी सगळ्यांनी आनंदाने घेतली असं समजू नका. वादांत तिच्याबरोबर हमखास येणारा दुसरा शब्द ‘गातासान’. ‘गातास’ म्हणजे दूध. गातासान म्हणजे जिचं दूध काढत राहायचं ती. सरकारने ओएफडब्ल्यूंना गातासान केलं आहे, हा नेहमीचा आरोप. त्याला मराठी शोधत बसावं लागत नाही: दुभती गाय. २०२३मध्ये बँकांमार्फत घरी आलेली रक्कम सुमारे ३३.५ अब्ज डॉलर होती, तेव्हा गाय दुभती आहे यात शंका नाही. माझ्या मते ‘वीर’ आणि ‘दुभती गाय’ ही जोडी तुमच्या लेखात एका पानावर यायला हवी. एक शब्द व्यासपीठावरचा, दुसरा खालच्या गर्दीतला.

बालिकबायान. ‘बालिक’ म्हणजे परतणं. ‘बायान’ला मला ‘मुलूख’ सर्वांत जवळचा वाटतो, कारण मुलूखही गावापासून देशापर्यंत ताणता येतो. मुलखाला परतलेला तो बालिकबायान. हा शब्द सरकारी मोहिमेतून पसरला. १९७३मध्ये, लष्करी कायदा चालू असताना, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीने अमेरिकेतल्या फिलिपिनोंना सुट्टीवर मायदेशी यायला सवलती दिल्या. म्हणजे सुरुवातीचा बालिकबायान डॉलर खर्च करायला आलेला पाहुणा होता. १९८९च्या कायद्यात तिघे एका छत्रीखाली आले: वर्षभर सलग बाहेर राहिलेला नागरिक, परदेशी काम करणारा, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माजी फिलिपिनो, सहकुटुंब.

इथेच ‘चाकरमानी’ अडतो. चाकरमानी नोकरीवरून ओळखला जातो. मुंबईत असतानाही तो चाकरमानीच, गणपतीला गावी आला तरी चाकरमानीच. बालिकबायान फक्त परतताना असतो. शिवाय शब्दाचा सूर. बालिकबायानमध्ये ऐट आहे, थोडा हेवाही आहे. चाकरमानी कोकणात प्रेमाने म्हणतात, पण त्यातला ‘चाकर’ काहींना खटकतो. त्यावरूनच २०२५च्या गणेशोत्सवाआधी सरकारी कामकाजात ‘कोकणवासी’ लिहा असे निर्देश निघाले. (कोकणात राहत नाही त्याला कोकणवासी म्हणायचं, हे मला अजून पचलेलं नाही.) भावार्थ सांगायला एकदा ‘आपल्याकडच्या चाकरमान्यासारखा’ म्हणा, प्रतिशब्द म्हणून नको.

‘बालिकबायान बॉक्स’ तर अनुवादायच्या भानगडीतच पडू नका. परदेशातून घरी धाडायचं पुठ्ठ्याचं मोठं खोकं, त्यात कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं, टूथपेस्ट, साबण, टॉवेल, कुणाच्या तरी मापाचे बूट, आणि वरून चिकटपट्टीचे इतके वेढे की नाव-पत्ताही त्याखाली जावा. २०१५च्या ऑगस्टमध्ये ही खोकी उघडून तपासण्याचा कस्टम्सचा बेत बाहेर आला आणि फेसबुकवर भडका उडाला. ‘एक दिवस घरी पैसेच पाठवू नका’ असं आवाहन फिरलं. बेत मागे घ्यायला लावणारे राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो हे ‘नवे वीर’ म्हणणाऱ्या कोराझोनबाईंचे चिरंजीव. पुढच्या वर्षीच्या कायद्याने वर्षातून तीनदा, दीड लाख पेसोंपर्यंतची खोकी करमुक्त झाली. तुमच्या मजकुरातला ‘बॉक्स’वरचा राग याच काळातला असणार.

राहिला काबायान: एकाच बायानचा, म्हणून गाववाला. परदेशात फिलिपिनो एकमेकांना अशीच हाक मारतात, आणि संवादात ‘काय गाववाले!’ छान बसेल. अडचण एवढीच की आखातातले मल्याळी नि पाकिस्तानी दुकानदारही गिऱ्हाईक फिलिपिनो दिसलं की ‘काबायान, काबायान’ सुरू करतात. तिथे गाववाले लिहिलंत तर वाचक दुकानदारालाच फिलिपिनो समजेल. त्या जागी काबायान तसाच ठेवा.