भरलेले पोते मागे का पडत नाही?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझे हळदीचे दुकान आहे. ट्रकमधील माल उतरवताना हमाल फाळक्याला तिरकी फळी लावतात आणि तिच्यावरून पोती खाली सोडतात. भरलेले पोते आणि अर्धे पोते जवळजवळ सारख्याच वेळात खाली येतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. जड पोते फळीवर जास्त घासते, मग ते मागे का पडत नाही? शिवाय फळीवर ठेवलेले पोते आधी जागचे हलत नाही, पण हमालाने पायाने जरासे ढोसले की धावतच सुटते. हे कसे?

उत्तर : जड पोते जास्त घासते, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे; मात्र त्याला खाली ओढणारे बलही त्याच प्रमाणात जास्त असते, ही गोष्ट हिशेबातून निसटली आहे.

फळी २.५ मीटर लांब आहे आणि तिचे वरचे टोक जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर टेकले आहे, असे समजू. अशा उतारावर पोत्याच्या वजनाचा ०.६ पट भाग त्याला फळीच्या दिशेने खाली ओढतो आणि ०.८ पट भाग फळीवर काटकोनात दाबतो. घर्षण अवलंबून असते ते या दाबावर. सरकत्या पोत्याचा घर्षणांक (घर्षण दाबाच्या किती पट, ते सांगणारा अंक) ०.५ धरल्यास ५० किलोच्या पोत्याला २९४ न्यूटन बल खाली ओढते, फळीवर ३९२ न्यूटन दाब पडतो आणि त्याच्या निम्मे, म्हणजे १९६ न्यूटन घर्षण उलट्या दिशेने अडवते. उरलेले ९८ न्यूटन बल ५० किलोला हलवते, म्हणून त्वरण १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. आता २५ किलोचे अर्धे पोते घ्या : ओढ १४७, घर्षण ९८, शिल्लक ४९ न्यूटन आणि त्वरण पुन्हा १.९६. वस्तुमान दोन्हीकडून कटते आणि त्वरण ठरते ते केवळ उतार आणि घर्षणांक यांवरून. दोन्ही पोती साधारण १.६ सेकंदांत तळाला पोहोचतात. घर्षण मुळीच नसते तर सेकंदही लागला नसता.

वजाबाकीतून उरणारी ही रक्कम लहान असल्यामुळे घर्षणात झालेला थोडासा फरकही त्वरणात मोठा होऊन दिसतो. तागाच्या पोत्याऐवजी गुळगुळीत प्लॅस्टिकची गोणी आली, किंवा वर्षानुवर्षे माल घासून फळीला झिलई चढली आणि घर्षणांक ०.५ वरून ०.४ वर उतरला, तर त्वरण १.९६ वरून सुमारे २.७४ होते, म्हणजे तब्बल ४० टक्क्यांनी वाढते. उलट घर्षणांक ०.७५ झाला तर ओढ आणि घर्षण यांची बरोबरी होऊन त्वरण शून्य होते. मग पोते ढोसताना मिळालेल्या वेगानेच खालपर्यंत सरकत राहते. त्याहून खरखरीत फळीवर ते वाटेत मंदावते. तेव्हा भरलेल्या आणि अर्ध्या पोत्याची तुलना करायची, तर दोन्हींचे बारदान एकाच जातीचे हवे, नाहीतर वजनाचा दोष नसताना तो वजनावर येईल.

आता ढोसण्याविषयी. स्थिर वस्तूला हलू न देणारे स्थितिक घर्षण हे सरकत्या वस्तूवरील गतिज घर्षणापेक्षा बहुधा जास्त असते. आपल्या फळीवर स्थितिक घर्षणांक ०.८ असेल, तर पोते दाबाच्या ०.७५ पट असलेल्या ओढीला दाद देत नाही आणि जागीच बसून राहते. पायाच्या धक्क्याने ते एकदा सुटले की अडवणारा अंक ०.८ वरून ०.५ वर घसरतो, आणि आतापर्यंत अपुरी पडणारी तीच ओढ एकदम वरचढ ठरते. हमालाचा पाय पोत्याला खालपर्यंत ढकलत नाही; तो फक्त ही पकड सोडवतो.

घर्षण दाबाच्या प्रमाणात असते आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या दिसत्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रान्सच्या आमोन्तों यांनी १६९९ मध्ये मांडले. पुढच्या शतकात कूलोम यांनी (विजेच्या धड्यात भेटतात तेच हे) त्यावर तपशीलवार प्रयोग केले. हे नियम निसर्गाचे काटेकोर कायदे नव्हेत, व्यवहारात चांगले उतरणारे ठोकताळे आहेत. त्यातून पोते म्हणजे काही लाकडी ठोकळा नव्हे. अर्ध्या पोत्यातली हळकुंडे एका बाजूला घरंगळतात, पोते वेडेवाकडे होते आणि कधी फळीच्या कडेला अडकते. आपल्या निरीक्षणातील ‘जवळजवळ’ हा शब्द म्हणूनच मला फार आवडला.

आपल्या फळीचा घर्षणांक काढायला मोबाईलमधील स्टॉपवॉच पुरेल. पोते सुटल्यापासून तळाला पोहोचेपर्यंतचा वेळ चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी. फळीच्या लांबीच्या दुपटीला त्या वेळाच्या वर्गाने भागले की त्वरण मिळते. वरच्या मापाच्या फळीवर दोन सेकंद लागले तर त्वरण १.२५ येते, त्याला ९.८ ने भागून आलेली संख्या ०.६ मधून वजा करावी आणि बाकीला ०.८ ने भागावे. उत्तर सुमारे ०.५९ येईल. मात्र ढोसा हलकाच असावा, कारण जोरात ढकललेले पोते सुरुवातीलाच वेग घेऊन निघते आणि मग हा हिशेब लागू पडत नाही.