‘पण’ : उच्चार एक, कुळे वेगळी

नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘येईन, पण उशिरा’ यातला ‘पण’ आणि बाजार समितीच्या कागदांवरचा ‘पणन’ यांचे काही नाते आहे का. शिवाय सुरगाण्यापलीकडे गुजरातीत हाच शब्द ‘सुद्धा’ या अर्थी कसा येतो?

नाते नाही. उभयान्वयी ‘पण’ हा संस्कृत ‘पुनः’पासून प्राकृत ‘पुण’ या रूपाने आपल्याकडे आला असून, कोकणीतल्या ‘पूण’मध्ये त्याचा उकार अजून टिकून आहे. ‘पुन्हा’ या अर्थातून ‘आणखी’ आणि ‘उलट’ अशा दोन्ही छटा निघतात. म्हणूनच गुजरातीत ‘हुं पण आवुं छुं’ म्हणजे ‘मीही येतो’ आणि ‘पण’ म्हणजे ‘परंतु’ही. मराठी बोलण्यातही ‘मी पण येतो’ सर्रास चालते. औपचारिक लेखनात ‘ही’ किंवा ‘देखील’ बरे, एवढेच. त्याला अशुद्ध ठरवण्याचा सोस मला पटत नाही.

‘पणन’ मात्र ‘पण्’ या संस्कृत धातूचा, ज्याचा अर्थ सौदा करणे आणि डावावर लावणे. धर्मराजाने द्रौपदीला पणाला लावले तो पण आणि १९६३ च्या राज्याच्या कृषी उत्पन्न पणन कायद्यातला पणन ही एकाच घरची भावंडे आहेत. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तेव्हा धातूचा मूळ अर्थ अगदी शब्दशः चालू असतो. याच धातूवरून नाण्यालाही ‘पण’ म्हणत. मनुस्मृतीत दंडाच्या तीन पायऱ्या २५०, ५०० आणि १००० पण अशा सांगितल्या आहेत. ते नाणे दक्षिणेत गेले आणि तमिळमध्ये ‘पणम्’ म्हणजे पैसा झाला. कन्नडमध्ये पैशाला ‘हण’ म्हणतात, कारण तिथे शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. (शिवकालीन ‘होन’ही याच वाटेने आला, फक्त त्याच्या मुळाशी सोन्याचा वाचक ‘पोन्’ आहे, ‘पण’ नव्हे.)

‘बालपण’, ‘शहाणपण’ यांतला प्रत्यय तिसऱ्याच कुळातला, वैदिक ‘त्वन’चा वंशज, हिंदी ‘बचपन’मधला ‘पन’ही तोच. तो मूळ शब्दाला चिकटूनच लिहायचा, कारण ‘मी पण’ म्हणजे ‘मीसुद्धा’ आणि ‘मीपण’ म्हणजे अहंभाव, आणि छापील मजकुरात हा फरक केवळ त्या एका मोकळ्या जागेवर अवलंबून असतो.