चांगुलपणा पाहून डोळे भरतात, पण वागण्यात काहीच का उतरत नाही?

"सकाळी चहा पिताना मोबाइलवर कुणी कुणाला मदत केल्याचे व्हिडिओ बघते. रडू येतं. आज आपणही असं वागायचं असं ठरवते. आणि संध्याकाळी साडेसातला मुलावर, सासूबाईंवर ओरडत असते. मी ढोंगी आहे का हो?"

हा प्रश्न विचारणाऱ्या बाई नाशिकमधल्या एका पतसंस्थेत काउंटरवर काम करतात. वय चाळिशीच्या पुढे, नवऱ्याची पाळीची नोकरी, मुलगा दहावीत, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. शब्द बदलतात, पण प्रेरणा मिळते आणि टिकत नाही, ही तक्रार समुपदेशनात वारंवार येते. तिच्यामागे बहुतेक वेळा स्वतःबद्दलची लाज असते.

त्या ढोंगी नव्हत्या. दुसऱ्याचा चांगुलपणा पाहून छातीत ऊब येते, गळा दाटतो, आपणही चांगलं व्हावंसं वाटतं. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने 2000 सालच्या सुमारास या भावनेचा स्वतंत्रपणे अभ्यास सुरू केला. ती खरी असते, पण अल्पजीवी असते. व्हिडिओ संपला की पुढचा सुरू होतो आणि पहिल्यातून आलेली इच्छा वापरलीच जात नाही. शिवाय व्हिडिओतला प्रसंग आपल्या दिवसात येण्याची शक्यता फार कमी. पुरात उडी मारणारा तरुण पाहून पतसंस्थेच्या काउंटरवर नेमकं काय करायचं?

म्हणून पहिला बदल साधा होता. सकाळचे व्हिडिओ आठवडाभर बंद, आणि त्याऐवजी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली एक कृती रोज रात्री वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी अशा होत्या: "बसमध्ये कंडक्टरने आजींना मदत केली. खूप छान वाटलं." अशा नोंदीचा उपयोग होत नाही, कारण तीत भावना आहे पण कृती नाही. तीच नोंद चार रकाने आखून पुन्हा लिहायला सांगितली: कुणी केलं, नेमकं काय केलं, त्यात त्याचं काय खर्च झालं, आणि त्या जागी मला काय जमलं असतं. मग नोंद अशी झाली: "कंडक्टर. आजी सीटवर बसून दांडा धरेपर्यंत डबल बेल दिली नाही. खर्च पंधरा-वीस सेकंद, मागून दोघांची कुरकुर. मला: पेन्शनवाले पासबुक पिशवीत नीट ठेवेपर्यंत पुढच्याला हाक मारायची नाही."

तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. दयाळूपणाची किंमत सहसा सेकंदांत किंवा मिनिटांत असते हे लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि न कळल्यामुळे आपण तो थोरामोठ्यांच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद त्यांच्याच कार्यालयातली निघाली. तिथला शिपाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्टॅम्प पॅडशेजारी एक ओलं फडकं ठेवतो. अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या हाती ते देतो, नाहीतर ती जांभळी शाई पदराला किंवा धोतराला लागते. स्लिप भरून दिल्यावर रक्कम वाचून दाखवतो, तीही हळू आवाजात, रांगेतल्या बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी. बाई हे कित्येक वर्षं बघत होत्या, पण त्यांना ते दिसलं नव्हतं.

इथे एक मोठा अडसर आला. काही महिन्यांपूर्वी हे कुटुंब वरोऱ्याजवळ आनंदवन पाहून आलं होतं. तेव्हापासून बाईंच्या मनात होतं की खरी करुणा म्हणजे ती, आपलं फडकं आणि पासबुक म्हणजे काहीच नाही. मोठ्या माणसांच्या कथा आपण शेवटून वाचतो, म्हणून असं होतं. बाबा आमट्यांची कथा सुरुवातीपासून पाहावी. पावसात पडलेल्या, कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या तुळशीरामला पाहून ते आधी घाबरून पळाले. मग ती भीती सहन होईना म्हणून परत आले आणि त्याच्यावर पावसापासून आडोसा केला. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे उपचार शिकले. आनंदवन चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना 1949 सालची. भीती, परत येणं, आडोसा, आणि त्यानंतर शिक्षण आणि संस्था. यातलं "परत येणं" आणि "आडोसा" कुणालाही जमण्यासारखं आहे.

तरीही कृती होत नव्हती, आणि त्याचं कारण घाई होतं. 1973 साली डार्ली आणि बॅटसन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्सटन इथे धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. निवांत वेळ असलेल्यांपैकी 63 टक्के मदतीला थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के थांबले. यातले निम्मे विद्यार्थी तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या, बायबलमधल्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच बोलायला निघाले होते! विषय डोक्यात असल्याने ठळक फरक पडला नाही. हाताशी वेळ असल्याने पडला.

मग बाईंचं वेळापत्रक तपासलं. दुपारचं जेवण एकला, त्यानंतर रात्री नऊपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. सहाला सुटायचं, वाटेत भाजी, पावणेसातला घरात पाय ठेवला की थेट गॅस. ओरडणं याच तासात व्हायचं. उपाय फारसे उदात्त नव्हते: पाच वाजता मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, भाजीची खरेदी आठवड्यातून दोनदाच, आणि घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं गॅस पेटवायचा नाही. करुणेचं बोलताना भुकेचं बोलायला लोकांना संकोच वाटतो. वाटू नये.

त्यानंतर "की" लावून दोनच वाक्यं ठरवली. "अंगठा उठवणारी व्यक्ती काउंटरवर आली, की मी आधी तिचं नाव घेऊन बोलेन आणि रक्कम हळू वाचेन." "दारात चपला काढल्या, की माझं पहिलं वाक्य अभ्यासाचं किंवा औषधाचं नसेल." जागा, वेळ आणि कृती तिन्ही ठरलेल्या हव्यात. "आज सगळ्यांशी प्रेमाने वागेन" हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही, कारण तो आठवण्याची कुठलीच खूण दिवसात नसते. दोनाहून जास्त वाक्यंही नकोत. त्यांनी उत्साहात सात लिहून आणली होती, पाच खोडायला लावली.

आता बिघडलं कुठे ते. तिसऱ्या आठवड्यात वही हिशेबाची झाली. "मी सासूबाईंचे पाय चेपले, त्यांनी साधं बरं वाटलं असंही म्हटलं नाही." हे जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. स्वतःच्या चांगल्या कृती मोजल्याने आनंद वाढतो, हे खरं. जपानमधल्या ओताके आणि सहकाऱ्यांच्या 2006 सालच्या अभ्यासात आठवडाभर अशी मोजणी करणाऱ्या स्त्रियांत ते दिसलं. पण एकाच घरात वर्षानुवर्षांचं देणंघेणं असेल तर मोजणी लगेच वसुलीकडे वळते. म्हणून पाचवा रकाना जोडला: आज मला कुणाकडून काय मिळालं. त्यात तिसऱ्या दिवशी नोंद आली की दुखऱ्या गुडघ्याने सासूबाईंनी बसल्या बसल्या मेथी निवडून ठेवली होती. दोन रकान्यांची वजाबाकी मात्र करायची नाही, हे स्पष्ट बजावावं लागतं.

दुसरा बिघाड कामावर. चांगलं वागायचं म्हणून त्या सहकाऱ्याचं कॅश जुळवण्याचं कामही करू लागल्या आणि घरी आणखी उशीर होऊ लागला. याला करुणा म्हणता येणार नाही. ती नकाराची भीती आहे. त्यांना एक वाक्य पाठ करायला दिलं: "आज जमणार नाही, उद्या अकराला दहा मिनिटं बसून दाखवते."

तिसरा, पैशाचा. समाजमाध्यमावर आजारी बाळाचा फोटो पाहून त्यांनी लगेच दोन हजार पाठवले होते, नंतर कळलं की तो फोटो जुना आणि खातं भलत्याचंच. अशी फसवणूक झाली की माणूस सगळ्याच मदतीकडे संशयाने बघू लागतो, आणि ते नुकसान दोन हजारांपेक्षा मोठं. नियम असा: मदतीची मासिक रक्कम आधी ठरवावी, डोळ्यांत पाणी असताना पैसे पाठवू नयेत, एक रात्र जाऊ द्यावी, आणि उपचारासाठीचं आवाहन असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला फोन करून रुग्ण खरंच दाखल आहे का ते विचारावं.

एक सूचना सर्वांसाठी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर वही-रकाने बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. या बाईंना तशी गरज नव्हती, हे पहिल्याच भेटीत तपासून घेतलं होतं.

सहा आठवड्यांनी रोजची नोंद थांबवली; ती शाळेच्या गृहपाठासारखी होऊ लागली होती. आता त्या शनिवारी दहा मिनिटं लिहितात आणि महिन्याला एक "की"वालं वाक्य बदलतात. ओरडणं पूर्ण थांबलेलं नाही. आठवड्यातून एखाद-दोनदा होतं, बहुतेक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा पेन्शनची रांग मोठी असते. त्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक मुलाने आणि नवऱ्याने वाटून घ्यायचा, हे ठरवणं सध्या चालू आहे.