तुमचे प्रश्न : डी ड्राइव्ह रिकामा केला, आता?

प्रश्न : मी सांगलीत घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांचे अहवाल, अधूनमधून एखादी स्मरणिका. 2019च्या पुरात सीपीयू उचलून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेला म्हणून वाचला. तेव्हापासून धास्ती बसली आहे. गेल्या महिन्यात 1 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली आणि बारा वर्षांचं काम, साधारण 200 जीबी, डी ड्राइव्हवरून तिच्यात टाकलं. डी ड्राइव्ह आता रिकामा आहे. डिस्क सीपीयूवरच ठेवते, कायम जोडलेली असते. झाला ना बॅकअप? आणि 1 टीबीची डिस्क 931 जीबीच का दाखवते? दुकानदाराने फसवलं का?
– एक वाचक, सांगली (माहेर जत)

उत्तर : ताई, आधी दुकानदाराची सुटका करू. डिस्क बनवणारे 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असा सरळ हिशेब धरतात. विंडोज 1024च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा एक जीबी 1,07,37,41,824 बाइटचा होतो. भागाकार करून पाहा, 931 येतात. तांदूळ तेवढेच, मापटं वेगळं.

आता मुद्द्याचं. तुम्ही कॉपी नाही, कट केलंत. काम आधी एका जागी होतं, आताही एकाच जागी आहे. शिवाय नवी जागा जुनीपेक्षा नाजूक आहे. तुमचं पत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण हेच मी करून बसलो होतो.

2008ची गोष्ट. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत आम्ही चौघं दिवाळी अंकांची कामं करायचो. सप्टेंबर संपत आलेला, तीन अंक हातात, आणि कॉम्प्युटरमध्ये जागा नाही. मी दोन तयार अंक आणि सगळं जुनं काम एक्स्टर्नल डिस्कवर हलवलं. दुसऱ्या दिवशी चहा आणणाऱ्या मुलाचा पाय वायरीत अडकला. टेबलाची उंची ती किती, अडीच फूट. पण डिस्क चालू असताना पडली. आत मिनिटाला 5400 फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगणारं हेड! उचलून जोडली तर टक्-टक्-टक्, मग गप्प, मग पुन्हा टक्-टक्. त्या मुलाला मी खूप बोललो. चूक माझी होती, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं. डेटा काढून देणाऱ्याचा आकडा ऐकून मालकांनी नुसतं पाणी मागितलं. एक अंक आम्ही प्रुफाच्या कागदांवरून पुन्हा टाइप केला. अकरा रात्री गेल्या.

तेव्हा पहिलं काम : आजच्या आज ते सगळं डिस्कवरून डी ड्राइव्हवर परत घ्या, पण कॉपी करून. वायर मागच्या निळ्या यूएसबीत लावा. पुढच्या काळ्या, जुन्या यूएसबीतून सेकंदाला 30-35 एमबीच्या वर काही जात नाही, म्हणजे 200 जीबीला दोनेक तास. निळीतून तेच बहुधा तासाभरात होईल. बारीक फाइल ढिगाने असतील तर दोन्हीकडे वेळ लागेल, घाबरू नका.

रोजच्या बॅकअपसाठी विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी आहे. सुरू केली की ती दर तासाला बदललेल्या फाइलची प्रत डिस्कवर टाकते आणि आधीची प्रतही ठेवते. सोय चांगली, पण एक मेख आहे. ती आपणहून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असलेच फोल्डर बघते. आपण डीटीपीवाले तर सगळा संसार डी ड्राइव्हवर मांडतो! तिकडे ती, तुम्ही सांगितल्याशिवाय, ढुंकूनही पाहत नाही. दिवा लागलेला असतो, आपल्याला वाटतं बॅकअप चाललाय.

म्हणून मी स्वतः रोबोकॉपी ही फाइल कॉपी करणारी कमांड वापरतो. ती विंडोजमध्ये आधीपासूनच असते, वेगळं काही टाकावं लागत नाही. नोटपॅडमध्ये एकच ओळ लिहायची : रोबोकॉपी, मग कामाच्या फोल्डरचा पत्ता, मग डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता, शेवटी तिरकी रेघ आणि ई (/E). शब्द अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणात. फाइल बॅट या शेपटाने सेव्ह केली की झालं. रात्री काम संपलं की तिच्यावर दोनदा टिचकी. पहिल्यांदा वेळ घेते, नंतर फक्त नवं आणि बदललेलं तेवढंच उचलते. कोणी हौशी भाचा तिथे ‘मिरर’चा पर्याय सुचवेल, तो नको. मिररमध्ये इकडे चुकून उडवलेलं फोल्डर तिकडूनही उडतं. आणि डिस्क कधी ई म्हणून उघडते, कधी एफ म्हणून. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एकच अक्षर कायमचं देऊन टाका. माझी झेड आहे.

काम झालं की डिस्क सेफली रिमूव्ह करून काढा. जोडलेली ठेवू नका. विजेचा झटका, चहा, आणि फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस, तिघांनाही सीपीयू आणि जोडलेली डिस्क एकच. कोरल हे आपलं डिझाइनचं सॉफ्टवेअर ‘बॅकअप ऑफ’ नावाची जी फाइल करून ठेवतं, तीही त्याच फोल्डरमध्ये असते, तिच्यावर विसंबू नका.

आता तुम्ही न विचारलेलं, पण आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त रडवणारं. फॉन्ट. तुमच्या बारा वर्षांच्या फाइलींत युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारी अक्षरं) किती आणि जुने मराठी फॉन्ट किती? जुन्या फॉन्टमधली पत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल शाबूत, वाचता काही येत नाही. फॉन्ट सहसा सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, तुमच्या कामाच्या फोल्डरमध्ये नाहीत. ते वेगळे काढून डिस्कवर ठेवा. सोबत कोरलचा आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा सेटअप, लायसन्सचे नंबर. सॉफ्टवेअर यूएसबीच्या लॉकवर चालत असेल तर त्या लॉकची कॉपी निघत नाही, ते जपून ठेवायचं. आणि छापायला गेलेल्या प्रत्येक कामाची कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकलेली, एक पीडीएफ मूळ फाइलशेजारी असू द्या. दुरुस्ती करता येणार नाही, पण पुन्हा छापता तरी येईल.

राहिला पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि 2019ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, हे तुम्हाला मी पुण्यात बसून काय सांगणार. सीपीयू आणि डिस्क एकाच घरात असतील तर एकाच वेळी जातील, मग ती डिस्क कपाटात असो की माळ्यावर. दुसरी डिस्क घ्या, अगदी साधी, आणि ती माहेरी ठेवा. जतकडे दुष्काळात प्यायचं पाणीही टँकरने येतं, तिथे पुराची भीती नाही. सणाला जाताना घरची ताजी डिस्क घेऊन जायची, तिकडची परत आणायची. दोन्हींवर पेनाने तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. आणि तिथे कोणाकडे कॉम्प्युटर असेल तर एखादी जुनी पत्रिका उघडून बघा. उघडली, अक्षरं नीट दिसली, की मगच चहा घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, देवरुखला राहतो. मुलगी ऑस्ट्रेलियात. फोनमधले फोटो आपोआप गूगलवर जातात. मग हार्ड डिस्कची गरज काय?

उत्तर : सर, फुकटची जागा 15 जीबी, आणि तीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. ती भरली की नवे फोटो वर जायचे थांबतात. शिवाय गूगल फोटोजमधून तुम्ही एखादा फोटो डिलीट केलात की तो गूगलवरूनही जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, नंतर नाही. गूगलवरचं राहू द्या, पण वर्षातून दोनदा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि डीसीआयएम नावाचं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो मात्र त्यात सापडणार नाहीत. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’त असतात. मुलगी फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवत असणार, तेव्हा आधी तेच उचला.