‘सर्व हक्क आमचे’ म्हणतायत, सही करू?

पत्र, थोडक्यात: ताई, मी 27 वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. कॉलेजपासून गिटारवर स्वतःची मराठी गाणी करते, अशी बरीच साठलीत. दर शनिवारी बाणेरला एका कॅफेत गाते. माझी दोन गाणी झाली की कुणीतरी ‘हिंदी होऊ दे’ म्हणतं आणि मग मी दुसऱ्यांचीच गाणी गाऊन घरी येते. तीन गाणी रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकली. त्यातलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं वर्षभरात 650 वेळा वाजलं. आता एका म्युझिक कंपनीने तेच गाणं मागितलंय. 25,000 रुपये एकरकमी, सर्व हक्क त्यांचे. आई म्हणते, पुरे झालं, स्थळं बघू. मला वाटतं, नोकरी सोडून वर्षभर फक्त गाणंच करावं. काय करू?
— गिटारवाली

गिटारवाली,

तू पैशांबद्दल विचारलंस, आईबद्दल विचारलंस, नोकरीबद्दल विचारलंस. गाणी कशी झालीत, हे तेवढं विचारलं नाहीस. तिन्ही ऐकली, त्यामुळे न विचारताच सांगते.

शेवटच्या एसटीचं गाणं चांगलं आहे. कंडक्टर तिकिटामागे सुट्टे पैसे लिहून देतो, उतरताना विसरतो आणि ती मुलगी मागतही नाही, त्या कडव्याशी मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. बाकीची दोन भित्री आहेत. तिन्हींना तेच चार कॉर्ड, कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी ती क्लिप) प्रत्येक वेळी दुसऱ्या पट्टीवरच, स्ट्रमिंगही तेच. तिसऱ्या गाण्यात तर ओळ चालीत मावत नाही म्हणून शेवटचे शब्द तू धावत म्हणून टाकतेस. चाल आधी कुठूनतरी कानात बसलेली आणि मराठी शब्द मागाहून कोंबलेले, असं वाटतं. एकदा उलट करून बघ. गिटार बाजूला ठेव, ओळी नुसत्या मोठ्याने म्हण, अक्षरं मोज. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरांचे असतात. तो आखूड चौथा चरण म्हणून बघ, श्वासाला किती जागा मिळते ते कळेल. तुझ्या ओळींना नेमकी तीच जागा नाही.

कॅफेचं मनाला लावून घेऊ नकोस. तिथे लोक गप्पा मारायला येतात, मागे मिक्सर फिरत असतो. पैसे देतात तोवर गा, हिंदी म्हणा म्हणाले तर म्हण. पण तिथे तुझ्या गाण्याची परीक्षा होतच नाहीये. त्यासाठी ऐकायला म्हणून आलेली माणसं लागतात. पंचवीस असली तरी भरपूर. पुण्यात घरगुती बैठकांची सवय जुनी आहे. कुणा मैत्रिणीचा हॉल माग, सोफा भिंतीला सरकव, सतरंजी घाल, माइक नको, पाऊण तास फक्त स्वतःची गाणी. ते जमलं की सुदर्शन रंगमंच आहे, एरंडवण्यात द बॉक्स आहे, अशा छोट्या जागांमध्ये चौकशी कर. (मोठ्या जागी गिटार साउंड सिस्टिमला जोडावी लागेल. त्यासाठी गिटारला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज थेट वायरीत पाठवणारा भाग, नसेल तर आतापासून पैसे बाजूला टाक. भोकासमोर माइक धरून शिट्ट्या ऐकवू नकोस.)

पाऊण तासाला आठ तरी गाणी लागतात. ‘बरीच साठलीत’ म्हणतेस, पण पूर्ण झालेली, दुसऱ्या कडव्यासकट, किती आहेत? माझा अंदाज आहे की चार-पाच. म्हणून नोकरी आत्ता सोडू नकोस. वर्षभर रिकामी बसलीस की दुसऱ्या महिन्यापासून भाड्याचा हिशेब सुरू होईल, आणि त्या हिशेबापायी तू नेमकं त्या कॅफेतल्या माणसाला हवं ते गाशील. हवी तर पंधरा दिवसांची रजा काढ, गाणी पुरी कर.

हिंदीत लिहू का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण ओळींच्या मधून दिसतोय. कन्नड गायक रघू दीक्षितचं उदाहरण बघ. जन्म नाशिकचा, वाढला म्हैसूरला, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, आधी नोकरीही केली. वर्षानुवर्षं गात राहिल्यावर त्याचा पहिला अल्बम 2008 मध्ये आला. हिंदीही गातो तो, पण त्याच्या कन्नड गाण्यांवर कन्नडचा गंध नसलेली गर्दी नाचते. तुझं एसटीचं गाणं हिंदीत गेलं की त्यातला कंडक्टर मरेल.

650 आकड्याचंही मनावर घेऊ नकोस, फक्त नियम माहीत असू दे. गेल्या 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय 2024 पासून रेकॉर्डिंगची रॉयल्टी देतच नाही. तेव्हा तिथून एक पैसा आला नसेल तर त्यात गाण्याचा दोष नाही.

आता तो कागद. कंपनीने तिन्हींतलं सगळ्यात चांगलं गाणं उचललं, म्हणजे त्यांचा कान शाबूत आहे. म्हणूनच सांभाळून.

एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. आज तिन्ही तुझ्या आहेत, कुठे नोंदणी केली नसली तरी. शब्द आणि चाल तुझ्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं संरक्षित राहतात. कंपनीला कामापुरतं लागतं ते रेकॉर्डिंग, आणि ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत ती मागतेय तिन्ही. तू तशीच सही केलीस तर उद्या दुसरी कुणी गायिका तेच गाणं नव्याने गाईल आणि तुला विचारायचीही गरज राहणार नाही.

कायदा बराच तुझ्या बाजूचा आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. करारात उलटं लिहिलं असेल तर ते कलम टिकत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी अशी संस्था म्हणजे आयपीआरएस, 1969 पासूनची. गीतकार आणि संगीतकार, दोन्ही नात्यांनी सभासद हो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून तर यांच्या कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असं हमखास सापडतं. मंगळावर एसटी सुरू झाली तर तिथलेही पैसे यांचेच!

त्यांना लेखी कळव: रेकॉर्डिंगचा परवाना देते, 3 वर्षांसाठी. शब्द आणि चाल माझ्याकडे. कार्यक्रमात गाण्याला आणि मुदत संपल्यावर पुन्हा रेकॉर्ड करायला मला मोकळीक. गीत, संगीत, गायन, तिन्हींखाली माझं नाव. यासाठी 25,000 चे 10,000 झाले तरी घे. ‘सगळेच असं सही करतात’ हे उत्तर आलं तर सोडून दे. ‘ऑफर शुक्रवारपर्यंतच’ म्हणाले तरी सोडून दे. आणि सहीआधी कागद कॉपीराइटची कामं बघणाऱ्या वकिलाला दाखव. फ्लॅटचं खरेदीखत बघणारे ओळखीचे काका इथे उपयोगाचे नाहीत.

राहिली आई. तिला गाण्याचं वावडं आहे असं पत्रातून वाटत नाही. आठ वर्षं तिने गिटार घरात ठेवू दिली आहे. तिला दिसतंय ते एवढंच की शनिवारी रात्री मुलगी उतरलेल्या चेहऱ्याने घरी फोन करते. स्थळांचं काय ते तू तिच्याशी सरळ बोल. हो की नाही, जे असेल ते. त्यासाठी गाण्याच्या आड लपू नकोस.

पहिल्या बैठकीला तिला सांगलीहून बोलव. मागच्या रांगेत बसव, नाहीतर ती अख्खा वेळ तुझ्याकडे काळजीने बघत राहील आणि तू शब्द विसरशील. आणि पाहुण्यांच्या चहाचं तिच्यावर टाकू नकोस.

— ताई