महिन्याभरात आयएटीएफ?

प्रश्न : भोसरीत आमचे बारा माणसांचे सीएनसी वर्कशॉप आहे. गिअरबॉक्सचे शाफ्ट टर्निंग करून देतो. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतो. ज्या कंपनीला माल देतो, तिने आयएटीएफ, म्हणजे वाहन उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र घेण्याविषयी पत्र पाठवले आहे. एक सल्लागार महिन्याभरात ते मिळवून देतो म्हणतात. काय करावे?

उत्तर : सल्लागारांना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ते पत्र पुन्हा एकदा नीट वाचावे. आयएटीएफ 16949:2016 या मानकानुसार, ग्राहकाने वेगळी मुभा दिली नसेल तर पुरवठादाराकडे निदान आयएसओ 9001 चे (कोणत्याही उद्योगाला लागू होणाऱ्या गुणवत्ता व्यवस्थापन मानकाचे) प्रमाणपत्र असावे लागते आणि 16949 हे पुढे गाठायचे उद्दिष्ट असते. त्यामुळे सध्या 9001 चालेल का, आणि 16949 कधीपर्यंत हवे, हे खरेदी विभागाकडून लेखी विचारून घ्या. अनेकदा एवढ्या एका पत्राने निम्मी धावपळ वाचते.

महिन्याभराचे आश्वासन मात्र विसरा. प्रमाणपत्रासाठी तपासणीला येणारे लेखापरीक्षक मागील 12 महिन्यांच्या कामगिरीच्या नोंदी, अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन आढावा मागतात. ते एका महिन्यात तयार करायचे म्हणजे खोटे लिहिणे आले. शिवाय मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेला सल्लागाराचे काम करता येत नाही, तेव्हा दोन्ही एकाच ठिकाणी मिळत असेल तर सावध व्हावे.

आपण तयारीची सुरुवात मायक्रोमीटरपासून करावी, असे मी सुचवीन. दहा शाफ्ट घ्या, तीन कामगारांकडून प्रत्येक शाफ्टचा व्यास तीन-तीनदा मोजून घ्या आणि आधीचे आकडे कोणाला दिसू देऊ नका. या गेज आर अँड आर (मापनपद्धत किती भरवशाची आहे हे पाहणाऱ्या) चाचणीत मापनातील तफावत 10 टक्क्यांच्या आत असली तर उत्तम, 30 च्या वर गेली तर ती मापनपद्धत स्वीकारता येत नाही. रॅचेट (ठराविक दाबानंतर घसरणारी टोकाची मूठ) न फिरवता थेट थिंबल (फिरती नळी) आवळणाऱ्या हाताचे माप कमी येते, हे अशा वेळी लगेच उघडे पडते. मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन बाहेरून करून घेत असाल तर प्रयोगशाळेला त्या मापासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे ना, तेही तपासा.

हीट ट्रीटमेंट बाहेर होत असली तरी जबाबदारी आपलीच राहते. आपला ग्राहक सीक्यूआय-9 (हीट ट्रीटमेंटच्या मूल्यांकनाची वाहन उद्योगातील पद्धत) नुसार भट्टीचे मूल्यांकन मागतो का, ते विचारा. मागत असेल तर भट्टीवाल्याशी आजच बोला, कारण तापमान-सर्वेक्षणाच्या (भट्टीत सगळीकडे तापमान सारखे आहे का, या तपासणीच्या) नोंदी त्याच्याकडे नसतील तर आपला पीपीएपी (उत्पादनापूर्वी ग्राहकाकडून सुट्या भागाला मंजुरी घेण्याची प्रक्रिया) तिथेच अडकेल.