पाडव्याला ब्रोमो? आधी तिथलं कॅलेंडर पाहा भाऊ

दादा, तुम्ही लिहिलंय की पाडव्याच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन इंडोनेशियातला ब्रोमो ज्वालामुखी पाहायला जायचंय अन् एजंट म्हणतो "टेन्शन घेऊ नका, सगळं माझ्याकडे". वाचून पोटात गोळाच आला. २०२३ च्या पाडव्याला हेच ऐकून आम्ही मेहकरहून निघालो होतो. व्हिसा, विमान, पैसे बदलणं तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो.

ब्रोमोच्या भोवती राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत, अन् त्यांचं शक वर्ष आपलंच. शके १९४५ आपल्याकडे २२ मार्च २०२३ ला लागलं, त्यांच्याकडेही त्याच दिवशी. फरक एवढाच की आपण गुढी उभारून पुरणपोळी खातो अन् ते न्येपी पाळतात, म्हणजे चोवीस तास चूल नाही, दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडणं नाही. वर जायचा रस्ताच बंद.

अन् आमची जीप नेमकी बावीसच्या पहाटेची. खाली प्रोबोलिंगो शहरातल्या हॉटेलात बसून एजंटच्या हापिसात फोन लावतोय, आधी कोणी उचलेना, मग एक बाई म्हणे "वातावरण खराब असेल सर, नैसर्गिक कारण असलं की रिफंड बसत नाही". अरे बाप्पा, काहून खोटं बोलता! शेवटी हॉटेलातल्या पोराने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, बावीसचा आकडा लाल शाईत. महिनोन् महिने आधी छापलेली सुट्टी, अन् ज्याने आमच्याकडून पैसे मोजून घेतले त्याला ती दिसली नाही. चोवीसच्या पहाटे वर गेलो, जीपचे पैसे दुसऱ्यांदा भरून, अन् तिकडच्याच इजेन ज्वालामुखीत रात्री दिसणारी निळी आग पाहायची ती राहूनच गेली. ते अजून जिवाला लागून आहे.

आता यात मेख अशी की पाडवा अन् न्येपी दरवर्षी जुळत नाहीत. २०२४ ला न्येपी ११ मार्चला होती अन् पाडवा ९ एप्रिलला, २०२५ ला २९ अन् ३० मार्च. म्हणून अंदाजावर जाऊ नका, त्या वर्षीची तारीख स्वतः काढा, एजंटला विचारू नका. बालीवरून जाणार असाल तर अजूनच सांभाळा, न्येपीला तिथलं विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतं.

बाकी विवराचं म्हणाल तर आधी काळ्या राखेचं मोठं मैदान, मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या, काठाशी गणपती. उंची २३२९ मीटर, पहाटे थंडी चांगलीच. आत वाकून पाहिलं तर तळातून पांढरी वाफ अन् विमान सुरू करून ठेवल्यासारखी घरघर, थांबतच नाही. वारा फिरला की गंधकाचा वास सरळ नाकात, बंद घरात भिवापुरी मिरची फोडणीला टाकल्यासारखं. मी दुपट्टा बांधून गेलो होतो, काही उपयोग नाही, गॅस कापडातून आरपार जातो. धुळीच्या मास्कचंही तेच, गॅसवाला वेगळा येतो. मी काही डॉक्टर नाही, पण वडिलांना दमा असेल तर सूर्योदयाच्या पॉइंटवरूनच दाखवा, माझ्या मते खरी मजा तिथूनच आहे. अन् कधी कधी विवरापासून लांब राहायचा हुकूम असतो, तेव्हा जीपवाला कितीही म्हणाला तरी जाऊ नका.

आमच्याकडचे बरेच जण लोणारलाही ज्वालामुखीच म्हणतात, ते उल्कापाताचं विवर आहे बरं का, फक्त ज्या दगडात पडलं तो दगड लाव्ह्याचा. अन् जाता जाता तेंगर लोकांची शेती नक्की पाहा, उभ्या चढावर कोबी, बटाटा, पातीचा कांदा, अन् माती पार आपल्यासारखी काळी. आमचे बाबा तर ज्वालामुखी सोडून तेच पाहत बसले.

हो, चांदीचं काही घालून जाऊ नका. माझं कडं खाली उतरेपर्यंत काळंभोर झालं होतं, बायको म्हणे नकली आहे, सोनाराकडे नेऊन दाखवावं लागलं.